निळी पट्टी

बकरी ईद जवळ आली की फरहतचाची माझ्याकडे कतरण मागायला येते. ब्लाऊज बेतताना कापडाच्या ज्या पट्ट्या उरतात ती कतरण. कारंजा गावात चाचीचा मोहल्ला जिथे सुरू होतो, त्या गल्लीच्या तोंडाशीच माझं घर. पुढच्या खोलीत शिलाई मशीन. नाव वैजयंती, पण मोहल्ल्यात मी वैजू टेलर. मोहल्ल्यातलं आपसातलं बोलणं हिंदी-उर्दूचं, पण माझ्याशी बोलताना सगळे वऱ्हाडीवर येतात. म्हणून मी इथे सगळ्यांना वऱ्हाडीतच बोलू देणार आहे. आणि मला राग लवकर येतो, हेही आधीच सांगून ठेवते.

"हिरवी दे, पिवळी दे, थे फुलाफुलाची दे," चाची टोपलीत हात घालून म्हणायची. "अन् निळी नोको विसरू. निळी तौकीरची हाय."

या पट्ट्या मटणाच्या पुड्यांना बांधायच्या. एकेका घराचा एकेक रंग. कागदावर नाव लिहिलं तर गारव्यानं शाई पसरते आणि मग पुडी कोणाची यावरून भांडण, असं चाचीचं म्हणणं. कापड भिजो, गोठो, रंग सोडत नाही. तेही माझ्याकडचं असलं तर, असं ती मला खूश करायला पुढे जोडायची.

पुड्या ठेवायच्या त्या चाचीच्या पेटीत. पेटी म्हणजे वरून झाकण उघडणारा मोठा डीप फ्रीजर. चाचीचा नवरा रहीमचाचा कुल्फी विकायचा. धनजचा बाजार, मानोऱ्याचा बाजार, लग्नाच्या पंगती, सगळीकडे त्याची कुल्फी. पेटी त्यानं त्या धंद्यासाठी घेतली होती. तेव्हा मोहल्ल्यात कोणाकडे साधा फ्रीज नव्हता, त्यामुळे ईदच्या दिवशी दुपारपासून चाचीच्या अंगणात रांग लागायची. कुर्बानीचं मटण घरचं, नातेवाइकांचं आणि गोरगरिबांचं असं वाटून झालं की घरच्या हिश्श्यातलं थोडं मुहर्रमच्या खिचड्यासाठी राखून ठेवायचं, ही इथल्या घरांची रीत. गहू, डाळी आणि मटण एकत्र घोटून केलेला तो खिचडा महिनाभरानं होणार. तोवर मटण टिकवायचं तर चाचीच्या पेटीवाचून इलाज नव्हता.

रहीमचाचा गेला, कुल्फी थांबली, पण पेटी चालूच राहिली. चाचीचा त्या पेटीवर कायदा चालायचा. नुकतं कापलेलं मटण तसंच आणलं की ती दारातूनच परत पाठवायची. "ऊन ऊन मटन पेटीत टाकून बाकीच्याइचं नासवतं काय? सावलीत थंड होऊ दे आंदी." एका वेळी शिजेल तेवढ्याचीच पुडी बांधायची. मोठा गोळा गोठवला तर पावशेरासाठी अख्खा वितळवावा लागतो, आणि एकदा वितळलेलं पुन्हा पेटीत जात नाही. पुडी चपटी हवी, म्हणजे लवकर गोठते. मटण खाली, बाकीचं वरच्या जाळीत. त्या वरच्या जाळीत, झाकणाच्या डब्यात माझे तुरीचे सोले, हिवाळ्यात शेंगा सोलून ठेवलेले ओले दाणे, असायचे. सासूबाईंना भर उन्हाळ्यात सोलेभात फार आवडायचा. सोले कुठून येतात हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही.

पुडी ठेवायला आलेलं माणूस नुसतं ठेवून जायचं नाही. बसायचं. कोणाच्या पोरीला स्थळ आलंय, कोणाचं कोणाशी वाजलंय, सगळं पेटीशेजारच्या खाटेवर निघायचं. महिनाभर कोणी ना कोणी पुडी न्यायला येतंय, चहा होतोय. चाचीची एकुलती एक मुलगी अनम लग्न होऊन नागपूरला गेली, तेव्हाही मला चाचीची काळजी वाटली नाही ती त्यामुळेच.

मग हळूहळू घराघरात फ्रीज आले. पहिला तौकीरचा. त्याचं चौकात मोबाईलचं दुकान आहे, तोंडाचा फटकळ पण मनाचा बरा. त्याच्या मागून एकेक करत सगळ्यांचे. यात कोणाचीच चूक नव्हती. फ्रीज आला तर माणूस त्यात ठेवणारच. पण पेटी रिकामी पडू लागली आणि अंगणही. ईदच्या दिवशी चाचीचा हिस्सा सगळ्या घरांतून यायचा, त्यात कोणी कसूर केली नाही. मात्र ताट दारात द्यायचं, "ईद मुबारक चाची" म्हणायचं आणि निघायचं. बसायला कारण उरलं नव्हतं.

रिकामी पेटी चाचीनं बंद केली नाही. रहीमचाचा सांगायचा की पेटी रिकामी ठेवू नये, भरलेली पेटीच गारवा धरून ठेवते. म्हणून तिनं कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या गोळा केल्या, पाणी भरलं आणि त्या पेटीत रचल्या. बाटली गळ्यापर्यंत भरायची नाही, बर्फ फुगतो. मी कधी गेले तर ती झाकण उचलून दाखवायची. पांढऱ्या पडलेल्या बाटल्या, ओळीनं निजलेल्या. मला ते बघवायचं नाही.

अनम फोनवर म्हणायची, "अम्मी, पानी गोठवत बसता, इकून टाका थो डब्बा." चाची हूं हूं करायची.

गेल्या वर्षी ईदच्या आधी ती कतरणीला आली, तेव्हा मशीन थांबवून मी विचारलं, "चाची, पाच-सहा रंग नेता, पण ठेवाले येतं कोन?"

ती टोपलीत बघत राहिली. म्हणाली, "या सालीही कोनी नाही आलं, तर भंगारवाल्याले सांगतो नेऊन टाक म्हनून. अनमले बोलली मी. एकटं बसून पान्याले गार करनं मलेही आता बरं नाही वाटत."

मी पट्ट्या कापून दिल्या. सगळे रंग दिले.

ईदच्या दिवशी मी मुबारक द्यायला गेले. अंगण झाडलेलं, खाटेवर धुतलेली चादर, पेटीवर माझ्या पट्ट्या रंगवार मांडून ठेवलेल्या. ताटं येत होती, मुबारक होत होतं, माणसं जात होती. संध्याकाळपर्यंत एकही पट्टी हलली नाही. चाचीनं त्या गोळा करून डब्यात ठेवल्या आणि मला म्हणाली, "वैजू, कापड वाया गेलं वं तुयं."

दुसऱ्या दिवशी सांजेला वावधन सुटलं. टिनपत्रे उडाले, चौकातलं कडुलिंबाचं झाड तारांवर पडलं आणि आमच्या भागाची डीपी जळाली. दोन दिवस तरी लाईट येत नाही, असं सकाळी कळलं. ऊन तर असं की भिंतीला हात लावला तरी चटका. घराघरातल्या फ्रीजमध्ये ईदचं मटण ठेवलेलं, आणि ते घाम सोडायला लागलेलं.

तेव्हा मोहल्ल्याला पेटी आठवली.

पहिला आला तौकीर. "चाची, जागा हाय काय?" त्याच्या मागे बाया, म्हातारे, पोरी, सगळ्यांच्या हातात पिशव्या. चाचीची पेटीही बंदच होती, तिला कुठून वेगळी लाईट येणार? पण पेटी बर्फाच्या बाटल्यांनी गच्च भरलेली होती. मला आधी कळलंच नव्हतं. चाचीनं नुसतं पाणी गार केलं नव्हतं, गारवा साठवून ठेवला होता.

ती झाकणाजवळ उभी राहिली. प्रत्येक पुडी अंगठ्यानं दाबून बघायची. टणक लागली, आत बर्फाचा कण चुरचुरला, की पट्टी बांधून बाजूच्या टोपल्यात. अंगठा रुतला की परत. "हे पेटीत नाही जात. घरी जा, आता शिजव, आजच खा." एकजणी म्हणाली, "अवं चाची, वास तं येत नाही ना!" चाची म्हणाली, "वास येईपर्यंत थांबतं काय? पोटात गेल्यावर मंग समजन." साऱ्या पुड्या हाताशी जमल्यावर तिनं एकदाच झाकण उघडलं, थोड्या बाटल्या बाहेर काढल्या, उरलेल्यांच्या मधेमधे भराभर पुड्या रचल्या आणि झाकण लावलं. घरातल्या होत्या तेवढ्या गोधड्या पेटीवर टाकल्या आणि रहीमचाचाच्या हातगाडीची दोरी वरून आवळली. "लाईट येईपर्यंत आता हे उघडनार नाही. कोनासाठीच नाही."

आणि मग अंगण भरलं. घरात पंखे बंद, चाचीच्या अंगणात कडुलिंबाची सावली. सगळे तिथेच बसले. चहा झाला, पुन्हा झाला. मीही मशीन सोडून गेले. चाची पेटीला पाठ टेकून बसली होती, ओढणीनं वारा घेत, आणि तिचा चेहरा मी कितीतरी वर्षांनी तसा पाहिला. ती प्रत्येकाला अडवून विचारत होती, तुझ्या गुडघ्याचं काय, तुझ्या पोरीचं काय. मला वाटलं, देवा, दोन दिवस तरी लाईट येऊ देऊ नको.

दुपारी तौकीर परत आला. त्याच्याकडे यवतमाळहून मेहुणे आले होते. "चाची, माही एक पुडी काढून द्या. पाव्हने आले."

"नाही काढत."

"एकच पुडी चाची. झाकन इतकुसं उघडा, मी हात घालून घेतो."

"तुया एका पुडीनं आतला गारवा जाईन. उद्या सकाळी दुसरा येईन, म्हनन तौकीरले देल्ली, मले काहून नाही? दाय-भात घाल पाव्हन्याइले."

तौकीरचं डोकं तापलेलंच होतं. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "चाची, खरं सांगा. तुमाले मटनाचं काही नाही. पेटी उघडली तं मानसं आपआपलं घिऊन जातीन, अन् तुमाले मानसं पाह्यजे बसाले. म्हनून दोरी बांधून ठेवली."

माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं, चांगलं चार शिव्यांचं, पण चाचीनं माझा हात दाबला. मग उठली आणि शांतपणे म्हणाली, "सारे आपापल्या घरी जा. बसलं की कोनाले ना कोनाले झाकन उघडाची आठवन होते. लाईट आली की या. तोपर्यंत कोनी येऊ नोका."

माणसं चुळबुळत उठली. कोणी "अवं चाची" म्हणून पाहिलं. तिनं फाटक लोटलं आणि आतून कडी लावली. मला तिनं ठेवून घेतलं, तेही मी हललेच नाही म्हणून.

"काहून हाकललं त्याइले?" मी म्हटलं. "किती दिवसानं भरलं होतं अंगन!"

"म्हनूनच," चाची म्हणाली. "त्यानं खोटं नाही सांगतलं वैजू. मले चांगलं वाटून राह्यलं होतं. इतकं चांगलं की अजून कोनी गोड बोललं असतं तं मी दोरी सोडली असती."

ती रात्र आणि दुसरा दिवस ती एकटी होती. मी माझ्या घरून जाऊन-येऊन होते, पण मला ब्लाऊज द्यायचे होते, घर होतं. जेव्हा जेव्हा गेले, ती पेटीजवळच. गोधडी सरकली की नीट करायची. फाटकाबाहेर कोणाचं बोलणं ऐकू आलं की मान वर करायची. पावलं पुढे गेली की मान खाली. एकदा मला म्हणाली, "उघडली तं मानसं येतीन, अन् मानसं आली तं मटन जाईन. कसं करून ठेवलं पाह्य अल्लानं." आणि हसली. मला हसू आलं नाही. इतकी वर्षं माणसांची वाट बघणारी बाई, माणसं दारात आली तर दाराला कडी लावून बसली होती, आणि ती त्याच माणसांच्या पोटाची काळजी करत.

तिसऱ्या दिवशी दुपारी लाईट आली. मोहल्ल्यात एकदम ओरडा झाला आणि पाठोपाठ फाटक वाजलं. चाचीनं आधी स्वतः दोरी सोडली, एकटीनं हात घातला, खालची, मधली, कडेची पुडी अंगठ्यानं दाबली. मग कडी काढली. "घ्या. सारं बरोबर हाय."

पुड्या टणक होत्या. बाटल्यांत पाणी सुटलं होतं, पण मधे बर्फाचा दांडा तसाच होता. पट्ट्या बघून चाची पुडी देत गेली. हिरवी, पिवळी, फुलाफुलाची. माणसं घाईत होती. घरचे फ्रीज सुरू झाले होते ना. वितळायच्या आत घरी पोचायला पाहिजे, हे चाचीनंच तर शिकवलं होतं. "शुक्रिया चाची, मेहेरबानी चाची," आणि फाटकाबाहेर. चहा होईल इतका वेळही अंगणात कोणी थांबलं नाही. गरज सरो, वैद्य मरो. मी तिथेच उभी राहून मोठ्यानं म्हटलं, म्हणजे जाणाऱ्यांना ऐकू जावं. चाची म्हणाली, "बोलू नोको वं तसं. त्याइचं मटन हाय, त्याइनं नेलं."

शेवटी तौकीर आला. मान खाली. चाचीनं निळ्या पट्टीच्या पुड्या त्याच्या पिशवीत टाकल्या. त्यातली एक त्यानं काढून परत पुढे केली.

"हे राहू द्या चाची. इथंच ठेवा."

"काहून? तुया घरी फ्रीज हाय."

"हाय."

"माह्यावर मेहेरबानी करून राह्यला असशील तं ने घरी. मले नाही पाह्यजे."

तौकीरनं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "मेहेरबानी नाही. घरी ठेवली तं उद्याच शिजते. मुहर्रमले तुमच्या हातचा खिचडा खाचा हाय. लहानपनी खाल्ला, त्यानंतर तसा नाही भेटला. मी येतो त्या दिवशी. बायको-पोराइले घिऊन येतो."

चाचीनं ती पुडी दाबून बघितली आणि पेटीत ठेवली. बाटल्यांच्या मधोमध, एकच. भंगारवाल्याला निरोप गेला नाही.

मुहर्रमच्या दहाव्या दिवशी मी सकाळीच गेले. गहू रात्रभर भिजवलेले, डाळी निवडलेल्या. आदल्या दिवशी तिनं पुडी पेटीतून काढून, भांड्यात ठेवून, माझ्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवली होती. बाहेर उघड्यावर वितळवायचं नाही, हाही तिचाच कायदा. सासूबाई देवाघरी गेल्यापासून माझ्या फ्रीजमध्ये काय ठेवलंय हे विचारणारं कोणी नाही. चाचीनं चुलीवर खिचडा घोटला. खांदा दुखेपर्यंत घोटला. कांदा तळला, लिंबं कापली, चार ताटं धुऊन पालथी घातली. आणि बसली.

दुपार झाली. फाटक वाजलं नाही. खिचड्यावर पापुद्रा धरायला लागला तशी ती पुन्हा पुन्हा ऊन करायची. मी म्हटलं, फोन करते त्याला. "नोको," ती म्हणाली. "त्याची आठवन त्याले येऊ दे."

ऊन उतरलं तेव्हा ती उठली. खिचडा डब्यात भरला, डब्याच्या कडीला ती धुतलेली निळी पट्टी बांधली आणि निघाली. मीही मागे निघाले, मला राहवेना. तौकीर दुकानात होता. गिऱ्हाईक समोर. चाचीनं डबा काउंटरवर ठेवला.

त्यानं कपाळावर हात मारला. "या अल्ला! चाची, ध्यानातच नाही राह्यलं! खरंच नाही राह्यलं."

खोटं बोलत नव्हता. म्हणूनच मला जास्त राग आला. त्यानं डबा तिथेच उघडला, उभ्या उभ्या चार घास खाल्ले, डोळे मिटले, म्हणाला, "हेच थे. हेच पाह्यजे होतं." मग गिऱ्हाइकाचा मोबाईल उचलला आणि चाची निघताना म्हणाला, "पुढच्या ईदलेही ठेवतो चाची! पक्कं!"

माणसं म्हणतात तसं म्हणाला. येतो म्हणतात, बघू म्हणतात, तसं. घरी येईपर्यंत मी त्याला तोंडभर शिव्या घातल्या. चाची फक्त म्हणाली, "डबा पुसून खाईन तो. पाह्यलं नाही, कसा खाऊन राह्यला होता?"

ती निळी पट्टी डब्याबरोबर गेली आणि परत आली नाही. डबा आला, शेजारच्या पोरीच्या हाती, घासलेला.

आता पुन्हा ईद आली आहे. काल चाची आली. गुडघा धरून पायरी चढली, टोपलीशी बसली. मी सवयीनं हिरवी काढली, पिवळी काढली, एका परकराची छान फुलाफुलाची उरली होती ती काढली.

"थे नोको," चाची म्हणाली. "या सालले एकच दे. निळी."

माझ्या तोंडावर आलं होतं की चाची, तो विसरला असेल. वर्षभरात तो एकदाही पेटीचं नाव काढताना मी ऐकलेला नाही. त्याच्या दुकानात जावं, निळी पट्टी काउंटरवर आपटावी आणि सांगावं की परवा हिनं पुडी बांधून गुपचूप चाचीकडे नेऊन दे, असंही मनात आलं. पण मग ती मेहेरबानी झाली असती, आणि चाचीचा अंगठा पुडीवर पडताच तिला ते कळलं असतं.

"बाकीचे रंग असू द्या ना जवळ," मी म्हटलं. "कोनी आलं तं?"

"बाकीचे कायले? एकच जन बोलला हाय."

मी निळं कापड शोधलं. अस्तराचं होतं, चांगलं घट्ट. पट्टी कापली, जरा लांबच कापली. चाचीनं तिची घडी केली, ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि म्हणाली, "जातो वं वैजू. बाटल्या भराच्या हायत अजून."